हळदीच्या पेठेत संगणकाचं दुकान : अकरा महिन्यांचा हिशोब

पुण्यातली सॉफ्टवेअर तपासणीची नोकरी मी जानेवारी २०२५ मध्ये सोडली. बाबा गेल्यापासून आई सांगलीतल्या विश्रामबागच्या घरात एकटी होती, तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते, आणि खरं सांगायचं तर अकरा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून मलाही वीट आला होता. सांगलीत येऊन काय करणार, हे नातेवाइकांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून घेतलं. माझं उत्तर तयार होतं. दुकानदार, अडते, छोटे दवाखाने यांना कुठला संगणक घ्यावा ते सांगायचं, तो बसवून द्यायचा, बिलाचं सॉफ्टवेअर लावून द्यायचं आणि पुढे तो चालता ठेवायचा. धंद्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटेल. बाकी कागद कुठे अडले आणि पैसे कुठे पाण्यात गेले ते सगळं लिहिते, कारण मी सुरुवात केली तेव्हा जो तो ‘अगदी सोपं आहे’ एवढंच सांगत होता.

पहिली चूक फेब्रुवारीच्या पहिल्याच आठवड्यात. गिऱ्हाईक एकही नसताना यंत्रं घेतली. ७४,५०० चा लॅपटॉप, १८,९०० चा लेझर प्रिंटर, ११,२०० चा लेबल प्रिंटर. धंदा म्हणजे आधी सामान, असं डोक्यात घट्ट बसलेलं. लॅपटॉपचं समर्थन कसंबसं करता येईल. पण माझं काम म्हणजे गिऱ्हाइकाच्या दुकानात खुर्चीच्या टोकावर बसून डेटा काढणं आणि बिलाचा नमुना जुळवणं. त्याला कंपन्यांतून तीन-चार वर्षांनी बाहेर पडणारा नूतनीकरण केलेला लॅपटॉप निम्म्याहून कमी पैशांत पुरला असता. आता गिऱ्हाइकांना मी असेच लॅपटॉप बघून देते. घेताना विंडोजमधूनच बॅटरीचा अहवाल काढायचा. त्यात मूळ क्षमता आणि आज उरलेली क्षमता शेजारी-शेजारी दिसते. निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून वजा करून मागायचे. सिरीयल नंबर बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी बघायची. एक रिकामी फाइल उघडून प्रत्येक कळ दाबायची, चार्जरची पिन लावून जरा हलवायची. एवढ्याला पंधरा मिनिटं लागतात, आणि विकणारा तेवढ्यालाही घाई करायला लागला तर तिथून उठायचं.

मग मार्केट यार्ड. फेब्रुवारीत हळदीचा हंगाम सुरू होतो. गाड्या लागलेल्या, सौदे चाललेले, हमालांच्या बनियनसकट सगळं पिवळं. बाबांच्या ओळखीतले एक अडते आहेत, मी त्यांना काका म्हणते. त्यांच्याकडे गेले तेव्हा ‘संगणक बघून देते’ म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला. तिसऱ्या फेरीला मात्र त्यांचा संगणक रुसला होता. रोज दुपारी तीनच्या सुमारास आपोआप बंद पडायचा. एका दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड गेला म्हणून चौदा हजार सांगितले होते. मी म्हटलं, आधी उघडून तर बघू.

झाकण काढलं. पंख्याच्या पात्यांवर पिवळी लव चढलेली. प्रोसेसरवरच्या जाळीत हळदीची भुकटी आणि पोत्यांचे तागाचे धागे एकमेकांत गुंतून बोटभर जाडीचा थर झाला होता, वड्या पाडाव्यात असा. हवा आत जायला फटच नव्हती. ऊन चढलं की यंत्र तापायचं आणि जीव वाचवायला बंद पडायचं. कॅबिनेट बाहेर ओट्यावर नेऊन ब्लोअर मारला, तशी पिवळी धूळ माझ्या केसांत, कुडत्यावर, आणि मला सटासट शिंका. दिवाणजी दारात उभे. ते म्हणाले, “हळद तर लागली. आता अक्षता कुणी टाकायच्या?”

थर्मल पेस्ट बदलली, पंखा पुसला, कॅबिनेट जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवलं. तीन वाजले, चार वाजले, यंत्र चालूच. काकांनी शंभरच्या तीन नोटा हातावर ठेवल्या. धंद्यातली पहिली कमाई. तेव्हापासून पेठेतल्या कुणाकडेही गेले की प्रिंटर, इंटरनेट वगैरे नंतर, आधी कॅबिनेट कुठे ठेवलंय ते बघते. जमिनीवर असेल तर उचलायला लावते. हळद असो, बेदाणा असो की पीठ, धूळ खाली बसते आणि पंखा ती खालूनच ओढतो.

दिवाणजींनीच माझा दुसरा भ्रम घालवला. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, हा खडखड करणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काढून टाका, लेझर आणा, आवाज नाही, छपाई स्वच्छ. ते काही बोलले नाहीत. तीन थरांचा कागद प्रिंटरला लावला, बिल काढलं आणि पांढरी, गुलाबी, पिवळी अशा तीन प्रती टर्रकन फाडून पुढ्यात ठेवल्या. “एक खरेदीदाराला, एक गाडीवाल्याला, एक आपल्या फायलीला. तुझा लेझर हे एका दणक्यात करतो का, पोरी?” नाही करत. डॉट मॅट्रिक्सची सुई कागदावर आपटते म्हणून खालच्या प्रती उठतात. लेझर नुसती शाई चिकटवतो. त्यात रिबिन स्वस्त, आणि धुळीतही ते धूड वर्षानुवर्षं चालतं. माझा १८,९०० चा लेझर त्यानंतर आईच्या भजनी मंडळाच्या पानांना कामी आला.

थर्मल, म्हणजे उष्णतेने कागदावर अक्षरं उठवणाऱ्या प्रिंटरच्या पावत्यांचंही तसंच. छोट्या दुकानांना तो प्रिंटर झकास, शाईच लागत नाही. पण उन्हाने, उष्णतेने अक्षरं उडतात, आणि जीएसटीचे कागद वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. म्हणून थर्मल घेणाऱ्याला मी सांगते, खरेदीची थर्मल पावती हातात आली की त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून महिन्याच्या फोल्डरात टाका. दोन उन्हाळ्यांनी बघाल तर कोरा कागद.

काम दिसायला लागलं, तशी कागदपत्रं सुरू केली. खरं तर इथेही क्रम चुकला. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती मी एप्रिलमध्ये वाचली. त्यात तेव्हा सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसत होता, शहरात महिलेला २५ टक्के अनुदान, ग्रामीण भागात ३५ टक्के, आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. अनुदान हातात पडत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जाशी जुळवलं जातं. पण हे सगळं नव्या उद्योगाला. माझी तोपर्यंत यंत्रखरेदी झालेली, नोंदणी झालेली. ज्यांना या वाटेने जायचंय त्यांनी आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसावं आणि मग खरेदीला निघावं. मी साठवलेल्या पैशांवरच राहिले. मोठ्या कर्जाच्या काळजीने मला झोप लागलीही नसती, हा भाग वेगळा.

कंपनी काढावी की नाही यावर पुण्यातल्या मैत्रिणीशी दोन रात्री फोन झाले. तिचं म्हणणं, केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया योजनेची मान्यता घे. ती मान्यता प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा भागीदारी संस्थेला मिळते, एकट्याच्या मालकीच्या धंद्याला नाही. आणि कंपनी म्हटली की एक रुपयाचं बिल फाडलं नाही तरी दरवर्षी लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं आलीच. दुकानांच्या पंख्यातली हळद झाडायला कंपनी कशाला? एकल मालकीवर शिक्का मारला.

उद्यम नोंदणीला, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीला, बसले १२ मार्चला. गूगलवर शोधलं, पहिलंच संकेतस्थळ उघडलं. तिरंगी पट्टी, अशोकस्तंभासारखं दिसणारं चित्र, सगळं कसं सरकारी. फॉर्म भरला, शेवटी १,४९९ रुपये मागितले, मी भरले. अकरा वर्षं सॉफ्टवेअर तपासणाऱ्या बाईने! संध्याकाळी ‘आपल्या प्रतिनिधीचा फोन येईल’ असा संदेश आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खऱ्या उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही आणि पत्त्याच्या शेवटी gov.in म्हणजे ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. ते पैसे परत मिळाले नाहीत. आईला तीन आठवडे सांगितलंच नव्हतं.

खऱ्या संकेतस्थळावर गेले तर वेगळीच अडचण. आधारवर माझं मधलं नाव पूर्ण, पॅनवर नुसतं आद्याक्षर. पडताळणी पुढे सरकेना. पॅन दुरुस्तीचा अर्ज केला, १०७ रुपये. नवं कार्ड यायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत मला काहीच करता येत नव्हतं, कारण पुढचा प्रत्येक कागद याच कार्डावर उभा राहणार होता. तुम्ही नुसता विचार करत असाल तरी आजच आधार, पॅन आणि बँकेच्या पासबुकावरचं नाव शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघा, कारण सगळे ओटीपी तिथेच येतात. कार्ड आल्यावर उद्यमचा फॉर्म वीस मिनिटांत झाला. कामाचे कोड निवडावे लागतात. मी संगणक सल्ल्याचा ६२०२ आणि दुरुस्तीचा ९५११ घेतला.

दुकान म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, बाबांची बैठक. दहापेक्षा कमी माणसं असतील तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली तेव्हा नोंदणी लागत नव्हती, नुसती सूचना द्यायची होती. त्यालाच सगळे अजून ‘शॉप ॲक्ट काढला’ म्हणतात. आपले सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज, फी २३ रुपये ६० पैसे. त्याला पाटीचा फोटोही लागतो आणि पाटी मराठीत हवी. मी आधी कागदावर छापून दाराला चिकटवणार होते. आई म्हणाली, “पाटी लावायचीच तर नीट लाव. बाबांच्या खोलीला कागद चिकटवू नकोस.” मग पेंटरकडून ३,२०० ची पाटी झाली. त्याने ‘संगणक’ मधला ‘ण’ असा काही झोकदार काढलाय की लोक थांबून बघतात.

चालू खात्यासाठी मी पहिल्यांदा बँकेत गेले तो दिवस १ एप्रिल. त्या दिवशी बँका वर्षअखेरीच्या कामासाठी गिऱ्हाइकांना बंद असतात. बँकेशी कामं असणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवं होतं, शेजारच्या टपरीवाल्यानेही तेच ऐकवलं. एकल मालकीच्या खात्याला धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागतात. उद्यम आणि शॉप ॲक्टची पावती, झाले दोन. पण खिडकीवरचे साहेब “जीएसटी आणा, मग बघू” यावर अडून बसले होते. दोन फेऱ्या त्यात गेल्या. तिसऱ्या वेळी मी दुसऱ्या बँकेत गेले. तिथल्या बाईंनी तेच दोन कागद पाहिले, घरी येऊन पाटी बघून गेल्या, आणि ११ एप्रिलला खातं उघडलं. किमान शिल्लक १०,००० ठेवावी लागते, तेवढे पैसे अडकले असं धरूनच चालायचं.

जीएसटी मला कायद्याने लागत नव्हता. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या २० लाखांपर्यंत नोंदणी नको, नुसता माल विकणाऱ्याला आपल्याकडे ४० लाखांपर्यंत. माझी उलाढाल कुठे आणि वीस लाख कुठे. पण दोन गोष्टी अडल्या. पुण्याचा एक घाऊक विक्रेता नंबर नसेल तर डीलरचा भाव देत नव्हता. आणि पेठेतले व्यापारी पहिलाच प्रश्न विचारायचे, “बिलावर जीएसटी आहे का? आम्हाला क्रेडिट मिळायला पाहिजे.” म्हणजे माझ्या बिलावर भरलेला कर त्यांना आपल्या करातून वजा करता यायला हवा. म्हणून ऐच्छिक नोंदणी. सरकारी फी शून्य. एका सल्लागाराने ३,५०० सांगितले, मी स्वतः करायचं ठरवलं, आणि हा निर्णय अर्धा बरोबर होता.

५ मे, सोमवार, सकाळी अर्ज. आधी तात्पुरता नंबर मिळतो, तो पंधरा दिवस चालतो. त्यात सगळं भरून संपवायचं. मला आधार पडताळणीला ओटीपीची लिंक आली. काही अर्जदारांना अंगठ्याचे ठसे द्यायला केंद्रावर बोलावतात, तेव्हा तसा निरोप आला तर दचकू नका. जागेचा पुरावा म्हणून मी विजेचं बिल आणि आईचं संमतिपत्र जोडलं.

१४ मेला जीएसटी कार्यालयाकडून शंका आली. विजेचं बिल एका व्यक्तीच्या नावावर, संमती देणारी व्यक्ती दुसरीच. बिलावरची व्यक्ती म्हणजे बाबा. २०२१ साली ते गेले आणि बिल अजून त्यांच्याच नावाने येतं. दर महिन्याला ते दारातल्या खिळ्याला अडकवताना आम्हा दोघींनाही नाव बदलावंसं वाटलं नव्हतं. पडद्यावर ती ओळ वाचून मी जरा वेळ नुसती बसून राहिले. चूक माझीच होती, उत्तर द्यायला कामाचे सात दिवस होते, आणि उत्तर घरातच होतं. २०२२ मध्ये वारस नोंद करून घरपट्टी आईच्या नावावर लावून घेतली होती. ती पावती काढली.

संमतिपत्रासाठी कोर्टाजवळच्या एका टायपिस्टने पाचशेचा मुद्रांक आणि वर आठशे सांगितले होते. पण १७ एप्रिल २०२५ ला जीएसटी अधिकाऱ्यांना नोंदणीच्या कागदांबद्दल केंद्राने एक सूचना काढली आहे. जागा नातेवाइकाची असेल तर साध्या कागदावरची संमती, देणाऱ्याचं ओळखपत्र आणि मालकीचा एक पुरावा पुरतो, आणि मालकीला घरपट्टीची पावती किंवा वीजबिल यातलं एकच चालतं. जास्तीचे कागद मागू नयेत असंही त्यात आहे. ती सूचना छापून मी फायलीत ठेवली होती, दाखवायची वेळ आली नाही. आईने वहीच्या कागदावर आपल्या वळणदार अक्षरात पुन्हा संमती लिहिली. १७ मेला उत्तर दाखल, २६ मेला प्रमाणपत्र. २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरी नंबर, मधोमध माझा पॅन.

प्रमाणपत्र मिळालं की पेढे वाटून लोक मोकळे होतात. दोन गोष्टी त्यानंतरच्या आहेत. तीस दिवसांच्या आत, किंवा त्याआधी विक्रीचं विवरण भरायचं झालं तर त्याच्या आत, बँक खात्याचा तपशील पोर्टलवर टाकावा लागतो, नाहीतर नोंदणी निलंबित होऊ शकते. आणि महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी आली की मालकाचा व्यवसाय कर आला, वर्षाला २,५००. त्याची वेगळी नोंद करावी लागते. हे मला काकांच्या दिवाणजींनी सांगितलं, इंटरनेटने नाही.

जून कोरडा गेला. हळदीचे सौदे मंदावले, पाऊस लागला, एकही बिल फाडलं नाही. मी तीन महिन्यांनी विवरण भरायची सवलत घेतली होती. मनात असं की विक्रीच नाही तर भरायचं काय? तर शून्यही भरावं लागतं. कराच्या विवरणाला २२ जुलैची मुदत होती, मला ३ ऑगस्टला कळलं. बारा दिवस, दिवसाला वीस, २४० रुपये. रक्कम किरकोळ, पण मला ते १,४९९ पेक्षाही जास्त लागले. आईने मात्र शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि विचारलं, “पुढच्या तारखा सांग.” जिथे ती गॅसची टाकी कधी लावली आणि दुधाचे खाडे किती झाले ते लिहिते, तिथे लाल पेनाने माझ्या तारखा जाऊन बसल्या.

आता पैशांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त धडपड तिथेच झाली. सांगलीत सल्ल्याचे पैसे कुणी देत नाही. कुठला संगणक घेऊ म्हणून तासभर बसवतील, चहा देतील, भडंग देतील, आणि निघताना “या ताई परत” म्हणतील. मी भेटीचे ३०० मागून पाहिले, दोघांनी दिले, बाकीच्यांनी हसून टाळलं. मग काकांनीच वाट दाखवली. “आम्ही सल्ल्याला पैसे देत नाही, पण कुणीतरी बांधील असेल तर देतो.” मग वर्षाचा करार काढला. दोन यंत्रांपर्यंत ४,८०० आणि वर १८ टक्के कर ८६४, एकूण ५,६६४. त्यात तीन महिन्यांनी धूळ काढणं, बॅकअप तपासणं, आणि फोन आला की त्याच दिवशी जाणं. सल्ला त्यातच फुकट. याच्यावर लोक पटापट तयार झाले.

बॅकअप हा शब्द इथे वेगळ्याने समजावावा लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. मारुती चौक, हरभट रोड या बाजूला ज्यांची दुकानं होती त्यांचे संगणक चिखलासकट बाहेर काढले गेले. तरीही एक किराणा व्यापारी मला अभिमानाने सांगत होते, “आता हार्ड डिस्क वरच्या मजल्यावर ठेवतो.” इमारत तीच. मी म्हटलं, पुराला वरचा मजला ठीक, पण आग लागली, चोरी झाली तर? एक प्रत दुकानात, एक घरी आणि एक पार बाहेर क्लाऊडवर ठेवा. क्लाऊड म्हणजे काय ते सांगताना मी हरिपूरच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांचं, उदाहरण दिलं. आपली हळद दुसऱ्याच्या जमिनीत, आणि आपल्या हातात पावती. ते लगेच म्हणाले, “पुरात पेवंही बुडाली होती की ओ!” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणूनच तीन प्रती, एवढंच म्हणाले. त्यांनी करार केला.

यूपीएसबद्दल एकच सांगते. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस संगणकाला पुरतो, पण लेझर प्रिंटर त्याच्यावर जोडू नका. तो तापताना एकदम इतका भार ओढतो की यूपीएस मान टाकतो. प्रिंटर थेट भिंतीच्या प्लगवर.

ऑगस्टपासून फोन वाढले, कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्ट विंडोज १० ची देखभाल थांबवणार होती. पेठेत अफवा अशी की त्या दिवशी संगणक बंदच पडणार. तसं काही होणार नव्हतं. यंत्र चालू राहतं, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं, आणि ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात तिथे ते जोखमीचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर. आय थ्री किंवा आय फाइव्हच्या पुढच्या आकड्यावरून पिढी कळते. ८२५० असेल तर आठवी, ४१५० असेल तर चौथी. मी वही घेऊन दुकानं फिरले आणि तीन भाग केले. आठवी किंवा पुढची असेल आणि आत जुनी हार्ड डिस्क असेल त्यांना म्हटलं, नवा संगणक घेऊ नका, एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, टाका, दुसरी रॅम टाका. चार-पाच हजारांत तो माणसात येतो. जुन्या पिढीचे पण नुसतं बिल काढणारे, त्यांना मायक्रोसॉफ्टची ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव सुरक्षा लावून दिली.  अगदीच थकलेले चार निघाले, ते बदलले. एका गिऱ्हाइकाच्या मुलाला गेमिंगचा संगणक हवा होता आणि तो दुकानाच्या खर्चात बसवायचा होता. मी त्यातून अंग काढून घेतलं.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी. काकांच्या गादीवर वजनकाटा, दाभण, चोपड्या आणि संगणक एका ओळीत मांडले होते. दिवाणजींनी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन, एंटरची कळ रुतून बसली आहे. कळ उचकटली तर खाली कुंकवाची ढेप. पुढच्या वर्षापासून करारातल्या गिऱ्हाइकांना खंडेनवमीआधी संदेश पाठवणार आहे, कीबोर्डावर आधी स्वच्छ रुमाल टाका, मग पूजा करा.

नोव्हेंबरात पुन्हा एक फटका. एका दवाखान्याला पाच यंत्रांच्या रॅमचा भाव लिहून दिला, मुदत लिहिलीच नाही. त्यांचा होकार यायला तीन आठवडे गेले, तोवर जगभर रॅमचे भाव चढलेले. शब्द दिला होता म्हणून जुन्याच भावाने दिल्या, १,१०० रुपये पदरचे गेले. तेव्हापासून कोटेशनवर ‘सात दिवसांसाठी’ असं ठळक लिहिते.

नोव्हेंबरअखेर एकोणीस करार झाले आहेत. वर्षाचे ९१,२०० म्हणजे महिन्याला साडेसात हजारांच्या आसपास, शिवाय एसएसडी, रॅम, बसवणी यांचं थोडं सुटतं. पुण्यातल्या पगाराच्या पासंगालाही पुरत नाही. सरकारी कागदांना मला लागले ते १०७, २३.६०, २,५०० आणि दंडाचे २४०. उद्यम आणि जीएसटी फुकट. मूर्खपणाचे १,४९९ वेगळे. लेबल प्रिंटर अजून खोक्यात आहे. तासगावच्या एका बेदाणेवाल्याने पाव किलोच्या पाकिटांना स्टिकर हवेत असं मोघम म्हटलंय, बघू.

विजेच्या बिलावर नाव बदलायचा फॉर्म भरून ठेवला आहे. आई म्हणते, संक्रांत होऊ दे. विक्रीच्या विवरणाची पुढची तारीख १३ जानेवारी. त्या दिवशी भोगी आहे. कॅलेंडरच्या त्या चौकटीत छापील ‘भोगी’च्या खाली तिने लाल पेनाने ‘जीएसटी’ लिहिलंय, आणि मला बजावलंय की ते सकाळीच उरकून टाक, तिळाच्या भाकरीला दोन हात लागतात.